जावयाची बचावफळी

शनिवार, ७ सप्टेंबर

फुटबॉलचा सामना, ४५–२१. हरलो. पंचेचाळीस! आणि तेही कुणाकडून? ज्या कॉलेजचं नाव मला आज सकाळपर्यंत नीट घेता येत नव्हतं, त्यांच्याकडून.

एकवीस गुण केले त्या पोरांचं काही चुकलं नाही. चुकलं ते बचावाचं. समोरचा चेंडू घेऊन पळत येतो आणि आपली पोरं त्याला वाट करून देतात, चर्चच्या दारात म्हाताऱ्यांना देतात तशी.

माझ्या मागच्या रांगेत बुफोर्ड मॅकआल्पिन. सदतीस वर्षं तीच त्याची जागा, हीच माझी. आज अख्खा सामना माझ्या डोक्यावर ओरडत होता — ‘अरे, धरा रे त्याला कुणीतरी! निदान नाव-गाव तरी विचारा!’ मग एकदम गप्प झाला. आठवलं असणार. वाकून म्हणाला, ‘मिस नेल्डा, तुम्हाला उद्देशून नाही हं.’

मला नाही तर कुणाला? बचावाचा कोच माझा जावई आहे.

सोमवार, ९ सप्टेंबर

डीना आली होती, पर्लला घेऊन. सामन्याचा विषय दोघींनीही काढला नाही. भेंडी तळली, खाल्ली.

अकरा वर्षांत सहा गावं फिरली माझी मुलगी. नवऱ्याचा, क्लेचा संघ हरला की खोकी भरायची, जिंकला की मोठ्या कॉलेजचं बोलावणं, पुन्हा खोकी. होयट गेला तेव्हा ती ओरेगॉनमध्ये होती. बापाला मूठमाती देऊन तिसऱ्या दिवशी परत! फेब्रुवारीत क्लेला इथे, आपल्याच कॉलेजात, काम मिळालं तेव्हा मी स्वयंपाकघरात खाली बसून रडले. सिकॅमोर स्ट्रीटवर घर घेतलं त्यांनी. विकत — भाड्याचं नाही. माझ्या दारापासून चालत नऊ मिनिटं. शनिवारी माझी सहा वर्षांची नात पर्ल, मला ‘मीमॉ’ म्हणणारी, होयटच्या जागेवर बसते आणि माझ्या पिशवीतले उकडलेले शेंगदाणे संपवते.

पण भिंतीवर अजून एकही फोटो नाही. विचारलं तर म्हणते, ‘सीझन संपू दे, ममा.’

म्हणजे सरळ आहे. बचाव सावरला तर मुलगी इथे. नाही सावरला तर — लिहीत नाही.

शनिवार, २१ सप्टेंबर

३८–३५. हरलो.

गुरुवार, २६ सप्टेंबर

मोठ्या कोचचा रेडिओवरचा कार्यक्रम. लोक फोन करतात, तो उत्तरं देतो. तिसरा फोन — ‘नाव सांगत नाही, गावातलाच आहे.’ नाव कशाला सांगायला हवं? तो आवाज सदतीस वर्षं माझ्या मानेवर पडतोय. बुफोर्ड म्हणाला, ‘बचावाच्या कोचला पगार देण्यापेक्षा मैदानाला कुंपण घाला की! कुंपण निदान जागचं हलत नाही.’

हसले मी. खरंच हसले, मग स्वतःचीच लाज वाटली.

मोठा कोच म्हणाला, ‘आम्ही सगळ्याच गोष्टींचा विचार करतोय.’ या वाक्याचा अर्थ कोचच्या सासूला विचारावा.

रविवार, २९ सप्टेंबर

चर्चमध्ये ब्रदर वॉलेसने विचारलं, प्रार्थना कुणाकुणासाठी? एकाने पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी सांगितलं. मग बुफोर्डच्या बायकोने, विनोनाने, हात वर केला. ‘आपल्या बचावफळीसाठी.’ सगळ्यांना हसू आलं, पण आमेन मनापासून म्हणाले. सगळ्यात मोठ्याने डीना.

रविवार, ६ ऑक्टोबर

क्ले जेवायला आला, अर्ध्या तासासाठी. पॅन्ट कमरेवर राहत नाही, इतका वाळलाय. उभ्यानेच खाल्लं.

मी म्हटलं, ‘बस की जरा.’

‘बसलो तर झोप लागेल, मिस नेल्डा.’ मग आपणहून म्हणाला, ‘पोरं चांगली आहेत हो. एकोणीस वर्षांची आहेत. चौघं जायबंदी, एकाची आई गेली ऑगस्टमध्ये. तो रोज मैदानावर येतो, पण मनाने नसतो. त्याला बाकावर बसवून ठेवू?’

मी म्हटलं, ‘नको.’ मनात म्हटलं, ठेव रे बाबा, गाव तुला खाईल!

शनिवार, १२ ऑक्टोबर

कसं लिहू.

चौथं, शेवटचं सत्र चालू. आपण तीन गुणांनी पुढे, चेंडू त्यांच्याकडे, चारपैकी त्यांचा तिसरा प्रयत्न. तिसऱ्या प्रयत्नाला आम्ही सगळे उभे राहून किल्ल्या वाजवतो, ही आमची जुनी रीत. पर्लला मी घराची किल्ली दिली होती, तीही वाजवत होती. बावीस यार्ड जायचं होतं त्यांना. बावीस! एका प्रयत्नात एवढं कुणी जात नाही. हातातला सामना.

आणि त्यांचा एक पोरगा मधोमध पळत सुटला. आपला एक पडला, दुसरा भलत्याच बाजूला वळला. थेट शेवटच्या रेषेपार, टचडाऊन.

सगळं स्टेडियम उठलं. ‘बूऽऽऽ!’ सत्तर हजार गळे. बुफोर्डचा माझ्या कानाशी. आणि एक अगदी जवळचा, चिरका, बाईमाणसाचा.

माझा.

मी ठरवून नाही ओरडले. सदतीस वर्षं जे केलं तेच तोंडातून बाहेर पडलं. होयटच्या शेजारी उभी राहून किती कोचांची हुर्यो उडवली असेल, मोजदाद नाही. त्यांनाही कुठे तरी सासू असेलच ना? तेव्हा डोक्यातही आलं नाही.

पर्ल माझ्याकडे बघत होती. किल्ली हातात तशीच. मी पटकन खाली बसले, तिला बर्फाचा गोळा आणून दिला, चेरीचा. खाल्ला तिने. जीभ लाल करून दाखवली. लहान आहे. त्या गोंधळात तिला काय कळणार?

बुफोर्डने पाठीवर थाप मारली. ‘आता कशा आमच्यातल्या शोभता, मिस नेल्डा!’

शनिवार, २६ ऑक्टोबर

जिंकलो, २४–२०. पर्ल आली नाही. सर्दी झालीये म्हणे. शेंगदाणे परत आणले.

शनिवार, ९ नोव्हेंबर

पुन्हा जिंकलो! समोरच्यांना फक्त दहा गुण! आई गेलेला तो पोरगा दोनदा चेंडू हिसकावून घेऊन आला. क्लेने त्याला बसवलं नाही तेच बरं झालं. माझ्या मनातलं ऐकून चालला असता तर?

पर्ल आजही नाही. मैत्रिणीचा वाढदिवस. होयटच्या जागेवर मी माझा कोट ठेवला.

डीना फोनवर फार गोड बोलते हल्ली. शेजारणीशी बोलावं तसं. दमली असेल.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. सगळी आली. टर्की थोडी कोरडी झाली, कुणी बोललं नाही. क्लेने न सांगता मागच्या दाराची सैल पायरी ठोकून दिली. किती वर्षं होयट उद्या करतो, उद्या करतो म्हणत होता! निघताना डीनाने मला मिठी मारली ती सोडेचना. मी म्हटलं, ‘अगं, शनिवारी भेटतोच आहोत.’

शनिवारी शेवटचा सामना. हा जिंकला तर क्लेला कुणी हात लावत नाही, असं बुफोर्ड सांगतो. देवा, एवढं एक कर.

शनिवार, ३० नोव्हेंबर

१३–१०! जिंकलो! शेवटच्या रेषेपासून एका यार्डावरून चार प्रयत्न केले त्यांनी, चारही अडवले! एक यार्ड म्हणजे माझ्या स्वयंपाकघराचा ओटासुद्धा नाही! बुफोर्ड लहान मुलासारखा रडला. म्हणाला, ‘तुमच्या जावयाला सांगा, माझं तोंड फार चालतं. माफ कर म्हणावं.’

आजही माझ्याशेजारी कोटच होता. चालेल. पुढचं वर्ष आहे, त्याच्या पुढचं आहे. पर्ल इथेच मोठी होणार. उद्या सकाळी पीकन घालून भाजलेला गोड ‘पाय’ घेऊन जाते.

रविवार, १ डिसेंबर, सकाळ

पेन कागदात रुततंय. रागाने.

गोड घेऊन गेले. घरी कुणी नाही, चर्चला लवकर गेले असतील. आणि अंगणात पाटी. ‘घर विकणे आहे.’

हा आमच्या गावचा जुना चावटपणा. संघ हरू लागला की कोचच्या अंगणात कुणाची तरी पाटी उपटून आणून रोवायची. लग्नानंतरच्या वर्षी होयट आणि बुफोर्डने रोवली होती एकाच्या दारात. गाडी मी चालवली होती. महिनाभर हसत होतो. त्या कोचची बायको सकाळी दार उघडून बाहेर आली तेव्हा तिला काय वाटलं असेल, हे आज कळलं मला.

पण जिंकल्यावर? काल जिंकून दिल्यावर सुद्धा? उपटली मी ती पाटी. जमीन गोठलेली, तरी उपटली. थेट बुफोर्डच्या व्हरांड्यात नेऊन आपटली. ‘सत्तरी उलटली तुझी, लाज नाही वाटत?’

तो पायजम्यातच बाहेर आला. ‘देवाशपथ, मिस नेल्डा, मी नाही!’ विनोनाही शपथ घेत होती. मी ऐकून घेतलं नाही.

रविवार, दुपार

डीनाचा फोन आला. पाटी खरी आहे.

क्लेला कुणी काढलेलं नाही. राजीनामा त्यानेच दिलाय, तेरा ऑक्टोबरला. सीझन संपेपर्यंत बोलायचं नाही असं मोठ्या कोचशी ठरलं होतं. मी विचारलं, का गं?  ती म्हणाली, ‘पर्लने आदल्या दिवशी घरी येऊन विचारलं, ममा. मीमॉला डॅडी आवडत नाही का? क्ले म्हणाला, गाव ओरडतं ते चालतं. पण घरचंच माणूस ओरडतं ते हिने शेजारी बसून ऐकायला नको.’

चार वाजता बुफोर्डकडून पाटी आणली आणि मीच परत रोवून आले.