दवाखान्याची तपासणी, माझी नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून गल्लीतल्या सरकारी दवाखान्याचा सर्व्हे. सेवा लोकांपर्यंत पोचते का, किती वेळात, कशी. तीस वर्षं बस डेपोत टाइमकीपर होतो, हे काम दुसऱ्या कुणाला जमणार? रिपोर्ट थेट वॉर्ड ऑफिसात. आमची अख्खी काळाचौकी हादरली पाहिजे.
लक्ष्मी म्हणाली, आधी स्वतःचा बीपी बघून घेवा, जिनो चढताना भिंत धरतास. बायकोला सार्वजनिक कामाची कदर नाही.

४ नोव्हेंबर, सकाळी ९.१०
घर ते दवाखाना २१२ पावलं. उत्तम. येताना जिन्यात दोनदा थांबलो. पायऱ्या बेढब आहेत.
रांगेत उभं राहिल्याशिवाय खरी वेळ कळत नाही, म्हणून केसपेपर काढला. ४७ मिनिटांनी नंबर पुकारला. वेळ टिपली आणि सटकलो. आता रोज हेच. सर्व्हे करणाऱ्याने स्वतः तपासून घेणं नियमात बसत नाही. नियम माझाच आहे.

१० नोव्हेंबर
खळबळजनक! रोज एक पेशंट न तपासता निघून जातो. दवाखान्यातल्या सीमा सिस्टर उठल्या तेवढ्यात त्यांच्या वहीत पाहिलं. रिपोर्टात लाल शाईने लिहिलं.
लक्ष्मीने विचारलं, तुमका भीती वाटता काय. छे! माझा थोरला भाऊ, गणपतदादा, चांगला हिंडत-फिरत होता. तपासून घ्यायला गेला आणि महिन्यात आटोपला. भीतीचा प्रश्नच नाही. आकडेवारीचा आहे.

१२ नोव्हेंबर, १०.०५
सीमा सिस्टर घरोघर बीपी तपासत चाळीत आल्या. मला त्याच वेळी गॅलरीच्या टोकाला जावं लागलं. संडासात पाऊण तास. सिस्टरही चाळीत पाऊण तास होत्या, त्यांना पूर्ण मार्क दिले. बाहेर शेजारचा रमाकांत दार बडवून काय काय बोलला ते रिपोर्टात घेतलेलं नाही.

१४ नोव्हेंबर
रिपोर्टाची प्रत डॉक्टर मेघना मॅडमना द्यायला गेलो. त्यांनी सगळा वाचला. लाल शाईशी थांबून म्हणाल्या, या पेशंटला आम्हीही शोधतोय, नाव दौलत धुरी. सिस्टर म्हणाल्या, चाळीत सगळ्यांचा बीपी झाला, एक सोडून. बोलताना दारातच उभ्या होत्या.
बसलो. हाताला पट्टा बांधला. सिस्टर म्हणाल्या, काका, हात सैल सोडा. सुटेना. घाबरलो होतो, लिहून टाकतो. दादाचं सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, ते उशिरा आले होते, तुम्ही वेळेत आलात.
१७६ वर १०४. गोळी आजपासून.
रिपोर्ट तिथेच राहिला. मागायला गेलो नाही.
लक्ष्मीला आकडा सांगितला. पदराने डोळे पुसून स्वयंपाकाला लागली. दुपारी बांगड्याचं कालवण, जवळजवळ बिनमिठाचं. छान झालंय म्हणालो आणि पुन्हा वाढून घेतलं.