आक्काची शिवलेली बॅग

दि. ३ जून

चि. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनपेक्षा हेच बरं. तुझ्या मागे दवाखान्याचा गोंगाट आणि इकडे माझा एक कान निकामी, त्यात निम्मं बोलणं वाऱ्यावर जातं.

तुझ्या दत्तक लेकीला आणायला जायचं सामान बांधून झालं एकदाचं. तू लिहिलंस की आक्का, एकच बॅग. घेतली एकच, फक्त ती ह्यांच्या फिरतीच्या नोकरीतली थोरली आहे. तुझ्या लेकीसाठी जुन्या साड्यांची दोन पांघरुणं घातलीत. धुऊन धुऊन मऊ झालेली आहेत, नवी कशाला हवीत? शिवाय एक पातेलं, कपडे वाळत घालायची दोरी, चिमटे, आणि साबणाचे उरलेले तुकडे जुन्या मोज्यात बांधून. परक्या देशात साबण काय भावाने मिळतो कोणाला ठाऊक! स्टोव्हही घालणार होते, पण हे म्हणाले की स्टोव्ह घेऊन विमानात बसलीस तर तुला स्टोव्हसकट खाली उतरवतील.

कुलपाची किंमत ऐकली आणि दुकानाच्या पायरीवरूनच परत फिरले. मग आई करायची तसं बॅगेचं तोंड शिवून टाकलं, दुहेरी दोऱ्याने, वर मेण लावून. आता कोणी हात घालून दाखवावा. ह्यांनी दोनदा विचारलं की पंधरा दिवसांसाठी चाललीस की घर सोडून? मी दोऱ्याला आणखी मेण लावलं.

पोरीचा फोटो देवाजवळ ठेवलाय. कपाळावरची झुलपं कोणी कापलीत गं अशी वाकडी? माझ्यावरची माया वाढू दे, बॅगेचं वजन वाढलंय तेवढं पोटात घाल.

तुझी
आक्का


दि. ७ जून

ती. सौ. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र नर्सेसच्या खोलीत वाचलं. आधी खूप हसले, मग डोक्याला हात लावून बसले. आक्का, विमानतळावर बॅग उघडून बघतात. तिथला माणूस तुझी मेणाची शिवण बघून काय समजेल सांग! पातेलं काढ. आपण अनाथालयाच्याच पाहुण्यांच्या खोलीत उतरणार आहोत, तिथे पातेली आहेत. साबणही आहे, अख्खा.

आता कामाचं. तुझा पासपोर्ट रजिस्टर पोस्टाने ताबडतोब पाठव. व्हिसासाठी दोघींचे एकत्रच द्यायचे आहेत. अनाथालयाची अट तुला मी सांगितलीच आहे, पण तू ती कानाआड करतेस असं वाटतं म्हणून पुन्हा लिहिते. मी एकटी बाई. म्हणून माझ्या रक्ताचं एक माणूस सोबत हवं आणि त्याने तिथे, अधीक्षक बाईंच्या समोर, सही करायला हवी की हिला काही झालं तर ही मुलगी माझी. तू आलीस तर लेक घरी येईल, नाही आलीस तर मी रिकाम्या हाताने परत. एवढं सरळ आहे ते.

भावोजींना नमस्कार सांग आणि म्हणावं, तिला आवरा. तुझ्या ओरडण्यासकट तुझा लोभ हवाच आहे.

तुझी
धाकटी


दि. ११ जून

चि. धाकटीस आशीर्वाद, वि. वि.

पासपोर्ट बॅगेत आहे. मोलाची वस्तू सगळ्यात खाली ठेवायची ही माझी रीत, म्हणून अगदी तळाशी, पांघरुणाच्या घडीत. आता काय सगळी शिवण उसवू? हे म्हणाले ब्लेड मार. कापडाला चीर गेली तर दुसरी बॅग काय ह्यांचे साहेब आणून देणार आहेत?

मी काय म्हणते, आपल्या मावसबहिणीला का नेत नाहीस? ती दोनदा परदेशी जाऊन आलीय, तिला इंग्रजी येतं, सरकत्या जिन्यावर तिचा पाय अडखळत नाही. माझं शिक्षण मॅट्रिकचं, त्यात गुडघा रुसलेला. मी तिथे तुझ्या गळ्यात दुसरं ओझं होऊन बसेन. नाहीतर तारीख जरा पुढे ढकलता येते का बघ. पावसाळा संपू दे. तुझ्याच सोयीसाठी म्हणते.

जेवणाची आबाळ करू नकोस. राग धरू नकोस.

आक्का


दि. १५ जून

ती. सौ. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या शाळेच्या फ्रॉकची टीप तू सकाळी एका हाताने उसवायचीस आणि दुसऱ्या हाताने मला वेणीसाठी धरून ठेवायचीस. तुला शिवण जड जाते हे दुसऱ्या कोणाला सांग.

तुला यायचं नाही, आक्का. गुडघ्यावर, पावसावर आणि पातेल्यावर कशाला ढकलतेस? मावसबहीण येईल, झोकात सही करील आणि परतीच्या विमानात विसरूनही जाईल. मला माणूस हवंय. माझ्यामागे त्या पोरीच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन कोण उभं राहील, एवढंच मला बघायचंय, आणि माझ्या डोळ्यांसमोर तुझ्याशिवाय कोणी येत नाही.

येत्या सोमवारी अधीक्षक बाईंना कळवायचं आहे, नाहीतर ती दुसऱ्या घराला जाईल. त्यांची रांग लागलेलीच आहे. मी चिडलेली नाही. नाही, चिडलेय. पण 'नाही' म्हणायचं असेल तर तेवढाच शब्द लिही, पुढे सामानाची यादी नको. बहीण म्हणून तू मला कमी होणार नाहीस.

धाकटी


दि. १८ जून

चि. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा माझं डोकं सणकलं. वेणी घालून दिलेल्या पोरीने अशी खरडपट्टी काढावी!

पण खोटं लिहून देवाजवळ कशी बसू? भ्याले मी. लोकांची सही म्हणजे शाईचा फराटा असेल, मी सही केली की ते निभवावं लागतं. मी बासष्टची, ती चारची. मांडून पाहिलं. तिची शाळा, तिचं कॉलेज, आणि माझं वय. आयुष्यभर पैशापैशाचा ताळा जुळवलेली मी, पण हा जुळेना. देवापुढे बसले. तिथेही बोटं मोजत राहिले.

शेवटी तुझ्या भाच्याला आणि सूनबाईला समोर बसवलं आणि विचारलं की मी सही करते, पण माझ्यानंतर त्या पोरीचं कोण? भाचा तुझा बायकोकडे बघायला लागला. सूनबाई म्हणाली की ह्यात विचारायचं काय आहे, ती आपलीच नाही का? आणि उठून चहा टाकायला गेली. मला रागच आला तिचा. इतके दिवस मी ज्यासाठी जीव टांगणीला लावला, त्याचं उत्तर हिने उभ्या उभ्या दिलं, वर चहात साखरही जास्त घातली. पण चहा गोड लागला, धाकटे.

शिवण आज सकाळी उसवली. हो, एका हाताने. पासपोर्ट ह्यांनी रजिस्टर केलाय, पावती जपून ठेवलीय. अधीक्षक बाईंना सोमवारची वाट न बघता कळव की थोरली येतेय आणि सही मराठीत करील, चालत नसेल तर आत्ताच सांगा.

पातेलं, दोरी, चिमटे सगळं बाहेर काढलं. बॅग अर्ध्याहून जास्त रिकामी झाली. सूनबाई म्हणाली, आता धाकटी बॅग घ्या ना, उगाच एवढं धूड कशाला? मी म्हटलं, हीच नेणार. चार वर्षं जगलेलं माणूस घर सोडून येतंय, त्याचंही काही सामान असेलच की.

तुझी
आक्का