चार ईसा नि सात चिंचोके

प्रिय सिंधू,

मेलेल्या माणसाला पत्र लिहिण्याचा भाबडेपणा माझ्या हातून होईल असं वाटलं नव्हतं. पण काल अमळनेरला आपल्या शाळेत जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? बाकीचे सगळे मला चांगली समजतात!

बी.एड.च्या मुलामुलींनी काल 'गणिताची संध्याकाळ' भरवली. मुलं आणि आईबाप, एकत्र खेळ. आठवतं? याच कार्यक्रमाचा अर्ज घेऊन तू माझ्या टेबलापुढे उभी होतीस. मी मुख्याध्यापिका, म्हणून बसलेली. मी म्हणाले, "आया येऊन काय करणार? बोटं मोजणार?" तू म्हणालीस, "कुमुद, कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी तुला इंग्रजीत पाढे शिकवले, अक्कल द्यायची मात्र राहिली गं." मी अर्जावर 'नामंजूर' लिहिलं. तुझ्या बोलण्याचा राग आला म्हणून नव्हे. मला खरंच तसं वाटत होतं. हे जास्त वाईट, नाही का?

आणि तू तरी! डब्यातल्या ठेच्यावरून माझ्याशी तासभर भांडणारी बाई, त्या दिवशी मुकाट वर्गावर निघून गेलीस. का?

असो. काल मी पाहुणी होते, पहिल्या रांगेत, खांद्यावर शाल. खेळ सोपा होता. ताटात चिंचोके ओतलेले, एका मिनिटात किती ते सांगायचं. चौथीतल्या एका मुलीची आई पुढे आली. निर्मला तिचं नाव, जवळच्या खेड्यातली. खाटेवर बिबड्यांचे पापड मांडावेत तशी तिची बोटं चालली, पाच-पाच सरकवत. मिनिट संपायच्या आत म्हणाली, "चार ईसा नि सात."

छात्राध्यापिका हसली. "ताई, आकडा सांगा. ईसा-बिसा गणितात नसतं."

"मी बठ्ठा मोजेल शेतस, बाई."

"हो, सगळे मोजलेत, पण उत्तर काय?"

मागची मुलं खिदळली. कुणीतरी "ईसा, ईसा!" ओरडलं. लेकीने आईचा पदर ओढला, "माय, चाल ना घर." आईकडे न बघता, जमिनीकडे बघत.

चार विसा ऐंशी, वर सात. सत्त्याऐंशी! मी बसल्या जागी केलं होतं, सिंधू. पुढे काय झालं माहीत आहे? बरोबर उत्तर सत्त्याऐंशीच निघालं, आणि बक्षिसाची कंपासपेटी मिळाली पंच्याऐंशी म्हणणाऱ्या एका साहेबांना. 'सर्वात जवळचं उत्तर'! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तोंडाने एवढी फटकळ मी! रिक्षावाल्यापासून कलेक्टर कचेरीपर्यंत कुणाला सोडलं नाही. काल जीभ कुठे गेली होती?

कार्यक्रम संपल्यावर मात्र त्या छात्राध्यापिका पोरीला गाठलं आणि चांगली झापली. "सरळ बेरीज येत नाही आणि शिक्षिका व्हायला निघालीस?" ती रडवेली झाली. म्हणाली, "मॅडम, माझ्या पाठ टाचणावर तुम्हीच लिहिलंय ना, प्रमाण भाषेतली संख्यानामंच स्वीकारावीत म्हणून." वही उघडून दाखवली. लाल शाई. माझंच अक्षर, कॉन्व्हेंटचं, वळणदार.

निवृत्तीनंतर हौसेने या मुलांची टाचणं तपासते ना मी! कितींच्या वह्यांवर हे वाक्य लिहिलं असेल?

लहानपणी वर्गात मराठीत मोजलं म्हणून सिस्टरने मला बाकावर उभं केलं होतं. हे तुला कधी सांगितलं नाही. तू नक्की म्हणाली असतीस, "मग दुसऱ्यांना उभं करायची एवढी घाई का?"

तू भरवली असतीस त्या संध्याकाळी निर्मला चुकीची ठरली नसती. तू तिच्याच हातात खडू दिला असतास. आता हे मान्य करून तुझा काय फायदा?

पण ऐक. रविवारी मी एस.टी.ने तिच्या गावी जाणार आहे, त्या पोरीला सोबत घेऊन. निर्मलाच्या लेकीसमोर सांगणार, तुझ्या आईचं उत्तर बरोबर होतं आणि चूक माझी होती. मग सोमवारी परिपाठाला सगळ्या शाळेसमोर हेच पुन्हा सांगणार. परवानगी मागायची नाही, कळवायचं फक्त.

तिने तोंडावर दार लावलं तर? लावू दे. मी पुढच्या रविवारीही जाईन.

तुझं कधीच न ऐकलेली,
कुमुद