मागच्या खोलीतलं काय कुणाला द्यायचं

प्रिय वहिनी,

बोललो ते बोललो, पण सुरुवात तू केलीस. रविवारी तर हल्ली तू फोनच उचलत नाहीस. त्या दिवशी इतक्या दिवसांनी धड लागला, मी जेवलो का ते विचारलंस आणि दुसऱ्याच वाक्याला, "मागच्या खोलीतलं तुझं जरा आवरू का रे?" असं कुणी विचारतं का? माणूस एवढ्या लांब, पत्र्याच्या खोलीत सहा जणांत झोपतो, आणि घरची त्याची एक खोली तेवढी तुझ्या डोळ्यांत खुपते. म्हणून ओरडलो. माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही, म्हणालो आणि फोन आपटला. पण माझी खरी तक्रार ही आहे, की तू भांडली नाहीस. मी आठ वर्षांचा असताना तू या घरात आलीस, तेव्हापासून माझा कान तुझ्या हातात. गणिताची वही दडवली म्हणून मला अख्ख्या गल्लीतून तो कान धरून चालवत आणणारी तू, आणि त्या दिवशी नुसतं "बरं" म्हणालीस. ते "बरं" महिनाभर माझ्या मागे लागलंय. फोनवर माझी जीभ पुढे पळते आणि डोकं मागून चालत येतं, म्हणून लिहितोय. शुद्धलेखन बघू नकोस. सातवीपर्यंतच्या माणसाकडून निघेल तेवढं निघेल.

आधी कामाचं सांगतो. हो, परत बदललं. हे नववं. दादाला म्हणावं हसू नकोस, यात सात महिने टिकलोय. लोकांची घरं आवरून द्यायची, हे काम. कुणी म्हातारं झालं, कुणी घर विकलं, की आम्ही चौघं आणि एक टेम्पो. आमची मुकादम एक बाई आहे, सगळे तिला ताई म्हणतात. मला वाटलं होतं, आवरणं म्हणजे उचल आणि फेक. पहिल्याच दिवशी मी एक आख्खं कपाट अर्ध्या तासात काळ्या पिशव्यांत कोंबलं आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. ताईने सगळ्या पिशव्या परत ओतायला लावल्या. म्हणाली, "हे आवरणं नाही राजा, हे तर आपला केर शेजारच्या दारात लोटणं झालं. तू फेकलेलं जातं कुठे, बघितलंयस?" आणि संध्याकाळी मला कचऱ्याच्या डेपोवर घेऊन गेली. वहिनी, डोंगर आहे गं तो. खरोखरचा, पायवाटा पडलेला. तेव्हापासून एकेक वस्तू हातात घेऊन बघतो. चालती असली तर वापरणाऱ्याकडे, मोडकी असली तर दुरुस्तीवाल्याकडे, फाटकी असली तर पुसायला, कुजणारी असली तर मातीत. उरेल तेवढंच डोंगरावर. फरशी पुसायलासुद्धा बाटलीतलं निळं-गुलाबी काही नाही. व्हिनेगर, खायचा सोडा आणि कोमट पाणी. माझ्या हातांना आता कायमचा आंबट वास येतो.

टेम्पो भरला की मी मागे, सामानावर बसतो. कुणाच्या तरी गुंडाळलेल्या गाद्यांना पाठ टेकली की दुपारचा डोळा लागतो, आणि मी हटकून आपल्या मागच्या खोलीपाशी असतो. खिडकीतून सकाळचं ऊन तिरकं आलेलं, त्यात धुळीचे कण पोहतायत, खाटेवर तू ताणून घातलेली चादर, एक सुरकुती नाही. मी दारात उभा. आत पाय टाकणार तेवढ्यात टेम्पोला धक्का बसतो. सहा महिने हेच स्वप्न होतं. मग तीन आठवड्यांपूर्वी ते बदललं. आता लोकांच्या खुर्च्या, आरसे, किटल्या, छत्र्या, सगळ्यांना पाय फुटलेले, माझ्या खोलीच्या दारापर्यंत येतात, आत डोकावतात आणि आवाज न करता परत फिरतात, झोपलेल्या माणसाच्या खोलीत चुकून शिरल्यासारख्या. झोपलेलं तर कुणीच नसतं. उन्हाचा पट्टा खाटेवरून भिंतीवर सरकतो, आणि अंगावर पडायला त्याला कुणी मिळत नाही.

कधीपासून बदललं तेही मला माहीत आहे. एका म्हाताऱ्या नर्सबाईंचं घर आवरलं, त्या दिवसापासून. बाई ऐंशीच्या पुढच्या. घराच्या मधोमध खुर्ची टाकून बसल्या आणि दिवसभर आमच्यावर हुकूम सोडत होत्या. चादरींची पुसणी करा, पण उशांच्या खोळींची बटणं आधी काढा. बरण्यांची झाकणं बरण्यांवरच ठेवा, नाहीतर जन्मभर एकमेकांना शोधत बसतील. उरलेल्या गोळ्या गटारात टाकाल तर बघा, औषधाच्या दुकानात नेऊन द्या. मी त्यांच्या दिव्याला दोनदा डोकं आपटलं म्हणून माझं नाव पडलं उंट. चहा पिताना त्यांनी विचारलं, घरी कोण कोण? मी फुशारकीने सांगितलं, दादा आहे, वहिनी आहे, आणि माझी स्वतःची खोली आहे, पूर्वेच्या खिडकीची. माझी खाट, माझी सायकल, सगळं जिथल्या तिथे. तर म्हणाल्या, "झोपतं कोण तिथे?" म्हटलं, कुणी नाही, माझी आहे ना ती! बाई एवढ्या हसल्या की ठसका लागला. "अरे उंटा, मग ती खोली कसली, ते कपाट झालं. आणि तुझी वहिनी त्या कपाटाची राखणदार." मला राग आला, पण ऐंशी वर्षांच्या बाईशी काय भांडणार. संध्याकाळी त्यांची मुलगी त्यांना न्यायला आली. वृद्धाश्रमात एक खाट आणि एक खण मिळणार होता. मुलगी जिन्यात उभी राहून ताईला पुन्हा पुन्हा सांगत होती, "जागा असती ना, तर आईला माझ्याकडेच नेलं असतं हो." कुणी तिला विचारलंही नव्हतं. मी त्यांची खाट घेऊन उतरत होतो. साधी लाकडी खाट, वजन ते काय असणार, पण मला ती मध्ये दोनदा टेकवावी लागली.

तर आता आवर, वहिनी. मी सांगतो तसं. आधी एक, नवे प्लास्टिकचे डबे आणू नकोस. ताई म्हणते, आवरायचं म्हणून माणसं आधी बाजारात पळतात आणि पसारा वाढवून येतात. बुटांचे खोके पुरतात. शाळेची पुस्तकं कुणालाही दे, नवी कोरी आहेत, कारण उघडलीच नाहीत. सायकलच्या साखळीला तेल दे आणि शेजारच्या शिवणवाल्या ताईंना दे, त्या रोज कपड्यांचं ओझं घेऊन चालत जातात. खाटेखालच्या खोक्यात तीन रेडिओ आहेत. तिन्ही मी उघडले, एकही मिटवता आला नाही. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला दे, पण आतले सेल वेगळे काढून दे, केरात टाकू नकोस. निळा शर्ट दादाला, पोट सुटलं नसेल तर. बाकीच्यांची पुसणी कर. भिंतीवरच्या ओलीच्या डागाला सोडा आणि व्हिनेगर, मग खिडकी दोन दिवस सताड उघडी. गादीलाही दोन दिवस ऊन दे. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या काढून टाक, त्या वासाने म्हाताऱ्या माणसाला खोकला येतो. खाट विकू नकोस. तिच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे बसवून घे, वीतभर उंच झाली की गुडघे दुखणाऱ्याला उठबस सोपी जाते. गंमत सांगू? ही यादी लिहायला बसलो तेव्हा वाटलं, वही पुरणार नाही. अर्ध्या पानात संपली. एवढ्यासाठी मी तुझ्यावर ओरडलो.

म्हातारं माणूस कोण ते तुला कळलं असेलच. गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला. तो वर्षातून तीन वाक्यं बोलतो, त्यातली दोन त्याने माझ्यावर खर्च केली: "तिची आई मोरीत पडली होती. आता ही दर रविवारी पहाटे तिकडे जाते आणि अंधार पडल्यावर येते." एवढंच, आणि फोन ठेवला. वहिनी, खोली तू तुझ्या आईसाठी मागत होतीस आणि त्यांचं नावसुद्धा काढलं नाहीस. सोळा वर्षांत त्या आपल्याकडे एका रात्रीपेक्षा जास्त राहिल्या नाहीत. खुर्चीच्या कडेवर बसायच्या, पिशवी मांडीवर धरून. आणि मी, येतो येतो म्हणत चार वर्षं तुला चादर बदलायला लावली. मी राहायला परत येणार नाही गं, हे मला केव्हाच कळलं होतं. खोली होती तोवर ते कबूल करायला लागत नव्हतं, एवढंच. भेटायला येईन तेव्हा पुढच्या खोलीत, जमिनीवर पडेन. तुझ्या आई म्हणतील, जावयाच्या घरी कशी राहू. तर त्यांना सांग, खोली जावयाची नाहीच, धाकट्याची आहे, आणि त्यानेच बोलावलंय. त्यांच्या घरचं काही फेकू नका. त्यांच्या हातात एकेक वस्तू देऊन विचारा, वेळ लागला तरी लागू दे. आणि मोरीत धरायला भिंतीला दांडी बसवून घे, त्या यायच्या आधी.

तुझाच,
धाकटा

ता. क. टेम्पोच्या दोन फेऱ्या, सुताराचे ठोकळे आणि मोरीतली दांडी, असे मिळून पाठवतोय, साडेसहा हजार.