गुरुवारच्या खोळंब्याचा तक्ता

जानेफळ, शुक्रवार

श्री. नारायणराव साडूभाऊ यांना शालिग्रामचा रामराम. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की नाही, ते कळवा. ताईंची शुगर आणि तुमचा संताप, दोन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. इकडे रुक्मिणी ठणठणीत आहे (कालपासून माझ्याशी बोलत नाही, पण तब्येत उत्तम).

माझ्या मानेतल्या गाठीचं तुम्हाला ठाऊक आहेच. पोळ्याला हरभऱ्याएवढी होती, आता बोराएवढी झाली. इथल्या डॉक्टरांनी ती दोनदा दाबून पाहिली, गप्प बसले (डॉक्टर गप्प बसला की मला घाम फुटतो) आणि चिठ्ठी दिली. बुलढाण्याला दर गुरुवारी कॅन्सरचे तज्ज्ञ येतात (हा शब्द लिहिताना पेन अडलं), त्यांना दाखवा, दिवस घालवू नका, म्हणाले. त्याला तीन गुरुवार झाले.

पहिल्या गुरुवारी आठ वाजता नंबर लावला, सतरावा. डॉक्टर आले अकराला. मी एसटीत तीस वर्षं वाहतूक नियंत्रक. गाडी दहा मिनिटं उशिरा लागली तरी ड्रायव्हरला खिडकीशी बोलावून जाब विचारणारा माणूस. तीन तास कसा गप्प बसणार? नोंदणीच्या खिडकीवर मयुरी नावाची मुलगी असते, तिला चांगलं सुनावलं. ती शांतपणे म्हणाली, “काका, पेशंट किती वेळ थांबते, हे वरून आम्हाले बी विचारून राह्यले. तुमीच लिहा ना घड्याळ पाहून!” आणि तक्ता माझ्या हातात.

मग काय विचारता! आला किती वाजता, आत गेला किती वाजता, मधली मिनिटं. पण थांबणं मोजायचं कुठून? मयुरी म्हणे नोंदणीची चिठ्ठी फाडल्यापासून. लोणारचे भागवत म्हणाले, “मी पहाटे चारले घरून निघालो, मले तवापासून मोजा.” मी दुसरा रकाना आखला. त्यांच्या बाजूची बाई खाली बघत म्हणाली, “मी तं चैत्रापासून थांबून राह्यली.” तिसरा रकाना आखला. तेवढ्यात माझा नंबर पुकारला. त्या बाईची लोणारची गाडी चारची. एसटीचा माणूस प्रवाशाची गाडी चुकू देईल का? मी माझा नंबर तिला दिला. माझी पाळी पुन्हा येईपर्यंत डॉक्टर निघून गेले.

दुसऱ्या गुरुवारी मेहकरच्या गाडीसाठी एका म्हाताऱ्याला नंबर दिला. कालच्या गुरुवारी माझं नाव तीनदा पुकारलं म्हणे, पण मी बेरजेत गुंतलो होतो. डॉक्टरांची मोटार फाटकाबाहेर पडली, तशी रुक्मिणी भरल्या व्हरांड्यात उभी राहिली. “लोकायचे मिनिटं मोजून राह्यले! तुमची बेरीज होईलोक गाठ थांबन काय?” त्यानंतर गाडीत, घरात, जेवताना, एक शब्द नाही. आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

आपला,
शालिग्राम

ता. क. : तक्ता सुरेख उतरलाय. सरासरी तीन तास दहा मिनिटं. मयुरीने वरच्या साहेबांना दाखवला, त्यांनीही वाखाणला. माझं नाव मात्र त्यात कुठेच नाही.

आणखी एक : हे रुक्मिणीला कळू देऊ नका. लोणारला चारनंतरही गाडी आहे, मेहकरला तर तासातासाला. आणि काल माझं नाव मला तिन्ही वेळा स्वच्छ ऐकू आलं. दाराचा पडदा हलला की माझे पाय उठत नाहीत. मी फार घाबरलोय, नारायणराव. येत्या गुरुवारी गुडघ्याचं निमित्त न सांगता बुलढाण्याला या. माझ्या हातातला कागद काढून घ्या, दंडाला धरा आणि आत चला. डॉक्टर बोलू लागले की तुम्ही ऐका. मी तुमच्या तोंडाकडे बघत बसेन.