बंधाऱ्यावरचे नववे

१२ मार्च १९८६
नोकरी लागली! तालुक्याचा इतिहास लिहिणाऱ्या कचेरीत. शाळा अर्धवट, चार धंदे सोडलेले – तरी घेतलं. सायकल येते, म्हाताऱ्यांना बोलतं करता येतं, एवढ्यावर. संपादक फान गुरुजी म्हणाले, "छोटे तान, एकानं सांगितलं ती नुसती बातमी. तिघांनी सांगितलं की बघू."

१९ मार्च
माझ्या वाट्याला एकोणसत्तरचा पूर. पाणी अडवायला हातात हात धरून बंधाऱ्याच्या खिंडारात उभे राहिलेले नऊ जण वाहून गेले. नववे आमचे बाबा. प्रेतं आठच सापडली. आता नऊ जणांची चरित्रं छापायची. आईचं शेजारणींना सांगून झालंसुद्धा.

२ एप्रिल
बदकांच्या बाजारात उगाच अर्धा दिवस घालवला. मग म्हातारा नावाडी भेटला. "तुझा बाप? पुराच्या दुसऱ्या दिवशी मीच नदीपलीकडे सोडला त्याला. म्हणत होता, मी हात सोडला."
वही मिटली.

५ एप्रिल
पितरांचा दिवस. बाबांच्या थडग्यात फक्त त्यांचा सदरा. आईनं हिरवे तांदळाचे गोळे ठेवले. "आता छापून येणार हो तुमचं नाव," म्हणाली. मी गवत उपटत राहिले.

८ एप्रिल
पलीकडच्या घाटावरची खानावळवाली तेच सांगते. हमालही. वर म्हणाला, शेजारच्या तालुक्यात वीटभट्टीवर गेला.
तिघं झाले.
गुरुजींना आडून विचारलं – बापाचं झाकलं तर?
"घरात झाक. लेकीनं झाकावंच. पण या टेबलावर आणलंस, तर मी लिहिणार. कुणाला झोंबलं म्हणून खोडणार नाही."

११ एप्रिल
ठेवलं टेबलावर. मग आईला सांगितलं. तिनं भाताचं भांडं आपटलं. "सतरा वर्षं मान होता आपल्याला. तुला काय मिळालं?"
काही नाही. पण किती दिवसांनी झोप लागली.

२३ एप्रिल
गुरुजींनी बाबांचं अख्खं पान लाल शाईनं खोडून टाकलं. मी भडकले – "पळपुटा म्हणून लिहा, पण लिहा की! खोडणार नाही म्हणाला होतात." ते चहा फुंकत बसले. "घरी येतो उद्या. आईसमोर सांगतो."

२४ एप्रिल
आले. हातात त्यांच्या चौकशीला वीटभट्टीवरून आलेलं उत्तर. आईला म्हणाले, "वहिनी, आठ जणांचंच लिहिणार. जिवंत माणसाचं चरित्र आम्ही लिहीत नाही."
आई खाली बसली. मग म्हणाली, "जेवतात का वेळेवर?"