क्वालालंपुरात पायरी नसलेलं घर

आदरणीय थोरले बंधू बदरुल आबांग यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा फौझी याचा अदबीने सलाम. आम्ही तिघंही सुखरूप आहोत. वहिनींचा खोकला मोडला का? नारळ पाडायला आणलेलं नवं माकड तुमचं ऐकायला लागलं का? (मागे आलो होतो तेव्हा ते फक्त वहिनींचं ऐकत होतं. त्यात त्या मुक्या जिवाचा काही दोष नाही. तुमच्या घरात सगळेच तसे वागतात.)

तुमचं पत्र मिळालं, आणि दोनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्याने वाचलं, दुसऱ्यांदा बसून. रोज्यांनंतरच्या राया सणापर्यंत मस्तुराला तिचं तिला बाहेर पडता येईल असं घर मिळालं नाही, तर तुम्ही स्वतः येऊन तिला आणि आमच्या लेकीला, ऐनुलला, तुमच्याकडे तेरेंगानूला घेऊन जाणार, असं लिहिलं होतंत. राग रास्तच होता. आजारपणात तिचे पाय गेले आणि आम्ही मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. खाली यायचं तर शेजारच्या दोघा-तिघांनी खुर्चीसकट उचलायचं. अलीकडे ती खाली न्या म्हणेनाशीच झाली होती. खिडकीतून रस्ता बघायची आणि म्हणायची, आज फार ऊन आहे, उद्या बघू. आबांग, उद्याही ऊनच असायचं.

म्हणून मी येओ नावाचा एक एजंट धरला. माणूस सज्जन, पण त्याच्या मते सगळं क्वालालंपूर चाकाच्या खुर्चीसाठीच बांधलेलं आहे. पहिल्या घराला त्याने 'उतार आहे' म्हणून सांगितलं. होता, मोटारसायकली वर चढवण्याचा. मी मस्तुराला जोर लावून अर्ध्यावर नेलं, तिथे माझ्या चपलेने साथ सोडली, आणि आम्ही दोघं मागे मागे येत एका फळवाल्याच्या अननसांत जाऊन थांबलो. दुसरं घर 'स्टेशनपासून पाच मिनिटांवर' होतं. (पाखराला. माणसाला मधला महामार्ग ओलांडायला जिन्याचा पूल होता.) तिसऱ्या ठिकाणी मोठी, चकचकीत, आरसा लावलेली लिफ्ट होती आणि लिफ्टच्या आधी एक पायरी होती. येओ हसून म्हणाला, "एकच तर पायरी आहे, ताई!" त्यावर तुमची बहीण म्हणाली, "तुमच्या दारात मी रोज सकाळी म्हैस आणून बसवते. एकच." तेव्हापासून येओ माझा फोन उचलताना आधी विचारतो, ताई सोबत आहेत का.

आता त्या रविवारचं सांगतो. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगितलेलं बरं. आम्ही चौथं घर बघायला मेट्रोने निघालो होतो. गाडी आली. मस्तुरा म्हणाली, मागून ढकलू नका, मी भाजीची गाडी नाही. ती आपली आपण डब्यात गेली, मागोमाग ऐनुल. ऐनुलची पाण्याची बाटली फलाटावर पडली, ती उचलायला मी वाकलो, आणि दारं मिटली. आबांग, तिचा फोन माझ्या पिशवीत होता. पैसेही माझ्या पिशवीत होते. (तिला ओझं नको म्हणून तिचं सगळं मीच वागवत असे.) मी काचेतून हातवारे केले की पुढच्या स्टेशनला उतर. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिच्या शेजारच्या एका अनोळखी बाईंनी मात्र मला प्रेमाने टाटा केला.

पुढच्या गाडीने पुढचं स्टेशन गाठलं. फलाट रिकामा. मी प्रत्येक खांबामागे डोकावलो. रखवालदाराला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "खुर्चीवाल्या ताई ना? मुलीला घेऊन लिफ्टने खाली गेल्या. जाताना विचारत होत्या, ही बंद पडली तर? म्हटलं, पलीकडे दुसरी आहे." दुसरी! मी मुद्दाम त्या दुसऱ्या लिफ्टने खाली गेलो.

बाहेर पडलो आणि आयुष्यात पहिल्यांदा जमिनीकडे बघत चाललो. फुटपाथ रस्त्यापाशी येऊन अलगद टेकत होता आणि पलीकडे तसाच अलगद वर चढत होता. गटारांवर झाकणं होती, एकही हलत नव्हतं. मोटारसायकली अडवायचे लोखंडी दांडे होते, पण त्यांच्यात खुर्ची जाईल एवढी वाट सोडलेली होती. (कुणीतरी बसून विचार केला होता, आबांग! कोण असेल तो माणूस?) बस आली ती बाजूला किंचित झुकली, तिच्यातून फळी उतरली, आणि एक आजोबा आपला कुबड्यांचा संसार घेऊन आरामात खाली आले. बाबागाड्या ढकलणाऱ्या आया, तीनचाकी सायकलवाली पोरं, सगळी त्याच वाटेने. शाळेच्या फाटकाला उतार, दवाखान्याला उतार, भाजीबाजारालासुद्धा. शोधायला निघालो होतो बायकोला, आणि बघत होतो उतार. मशिदीत आवाज आपोआप खाली येतो ना, तसं माझं पाऊल हळू पडायला लागलं होतं.

ती बागेपाशी सापडली. ऐनुल झोक्यावर, आणि मस्तुरा आपाम बालिकची गोड घावनं विकणाऱ्या गाडीपाशी, चार बायकांच्या मध्ये. गाडीवाल्या सेनाहताईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "बायको गाडीत विसरणारे ते तुम्हीच का?"

"मी फलाटावर विसरलो गेलो," मी म्हणालो.

"शोभतंय तुम्हाला," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात गरम घावन ठेवलं.

मी रागवायचं ठरवून आलो होतो. पण मस्तुराचे तळवे चाकांनी काळे झाले होते, रुमाल कपाळावरून सरकला होता, आणि चेहरा, आबांग, तुमच्या अंगणात मी तिला पहिल्यांदा पाहिलं होतं तसा. ती हळूच म्हणाली, "स्टेशनवरच थांबणार होते हो. म्हटलं, जरा बघू, कुठे अडतंय. अडेल तिथून मागे फिरायचं." मग डोळे पुसायला तिने हात वर नेला आणि गालाला वंगण लावून घेतलं. "अडलंच नाही."

मी माझ्या बाहीने तिचा गाल पुसला.

सेनाहताईंच्या बहिणीचं तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर रिकामं होत होतं. मी पोचेपर्यंत तुमच्या बहिणीने ते आतून बघितलं होतं, न्हाणीच्या दारातून खुर्ची फिरवून पाहिली होती, आणि खिडकीला कुठले पडदे लावायचे हेही ठरवलं होतं. मला फक्त कळवण्यात आलं. रोजे संपायच्या आत आम्ही इथे राहायला आलो. पहिल्या सकाळी मी उठलो तर घरात कुणीच नाही. धावत बाहेर गेलो. तुमची बहीण मांडीवर पालकाची जुडी घेऊन बाजारातून परत येत होती आणि ओरडून सांगत होती, "चप्पल तरी घाला!"

तेव्हा तिला न्यायला येण्याचं कारण आता उरलेलं नाही. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
फौझी

ता. क. पत्राचं मूळ कारण लिहायचं राहिलं. लग्नाच्या पोशाखांवर मणी शिवायचं जुनं काम मस्तुराने पुन्हा धरलं आहे. दुकान मेट्रोने थोड्याच अंतरावर आहे. ती सकाळी जाते ती संध्याकाळी येते, आणि दुपारचा स्वयंपाक माझ्याकडे आला आहे. ऐनुल माझी आमटी औषधासारखी नाक दाबून पिते. वहिनींना महिनाभर इकडे पाठवता येईल का?

पुन्हा ता. क. त्यांना पोचवायला तुम्ही स्वतः आलात तर आनंदच आहे. फक्त निघण्याआधी मस्तुराला फोन करून वेळ ठरवून घ्या. दिवसा ती घरी सापडत नाही.